आईबापांचं ताट

ऑस्बर्ट क्वाशी इतक्या वर्षांनी घरी आला आणि आल्या आल्या मेलेल्यांचं जेवण जेवून बसला.

तसा त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. ग्रेनाडाहून येणाऱ्या बोटीने त्याची आतडी पिळून काढली होती. लेस्टेर गावातल्या घरात माणसांचा नुसता बाजार भरलेला. अंगणात ढोल विस्तवाजवळ तापत ठेवलेले, मागच्या दारी चुलीवर बकरा रटरटतोय. ज्याने त्याने येऊन त्याला मिठी मारली, 'अरे, किती पांढरा झालास!' म्हणून डोक्यावर हात फिरवला, पण या माणसाला खायला काही द्यावं हे एकालाही सुचलं नाही. शेवटी ट्रॉम्बोनची लांबलचक पेटी उचलून तो आईच्या खोलीत शिरला आणि दार लोटून घेतलं.

खोलीत अंधारलेलं होतं. आईच्या पलंगावर, पांढऱ्या चादरीखाली, आईच्या थडग्याचा दगड निजवलेला होता. आज दुपारी तो वाजतगाजत टेकाडावर न्यायचा होता. त्याआधी त्याने घरच्या पलंगावर पाठ टेकावी, ही रीत ऑस्बर्टला आठवत होती. उशाशी मेणबत्ती होती, तीही आठवली. कोपऱ्यातल्या टेबलावर पांढऱ्या फडक्याखाली झाकलेलं ताट होतं, ते मात्र त्याने सपशेल चुकीचं आठवलं.

लहानपणी तो बाबांच्या होडीवरून उशिरा घरी यायचा तेव्हा आई असंच त्याचं ताट झाकून ठेवायची. ताईने आठवण ठेवली म्हणायची! युडोरा ताई फोनवर कायम फटकून बोलायची, पण मनात ओलावा होता तर.

"मा, जेवतो गं," असं दगडाला सांगून त्याने खुर्ची ओढली.

मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं कोकू होतं, तुरीचे दाणे घातलेला भात होता, कोंबडीची तंगडी होती. मीठ कशातच नव्हतं. ताईचं ब्लडप्रेशर वाढलं असणार, असं मनाशी म्हणत त्याने ते सगळं फस्त केलं, हाडसुद्धा चोखलं. शेवटी राहिली नारळाची वडी. ती त्याने पुढच्या दातांखाली धरली आणि कचकन चावली.

कट् असा आवाज झाला. त्याने वडी काढून पाहिली. वडीला साधा ओरखडाही नव्हता.

मग त्याने तळहात तोंडाशी धरला आणि त्यात वरच्या कवळीचे दोन तुकडे पडले.

ऑस्बर्टने ते तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. दुसऱ्या कुणाची कवळी मोडली तर तो माणूस चार दिवस पेज पितो आणि विसरून जातो. ट्रॉम्बोनवाल्याचं तसं नसतं. पितळेचं ते तोंड ओठांवर दाबायचं, तर ओठांमागे दातांची भिंत लागते. पोर्ट ऑफ स्पेनच्या पोलीस बँडपासून बोटीवरच्या नाचाच्या बँडपर्यंत आणि तिथून लंडन, पॅरिस, हॅम्बुर्गच्या तळघरांपर्यंत ऑस्बर्टने जे काही कमावलं ते याच भिंतीच्या जोरावर. ती भिंत पडली तसं त्याने वाजवणं सोडलं होतं. पुढे ही कवळी करून घेतली आणि सबंध हिवाळा न्हाणीघरात बसून, शेजारणीच्या शिव्या खात, एक प्रार्थनागीत पुन्हा बसवलं. एकच गाणं, एकाच श्रोत्यासाठी. आईने त्याचं वाजवणं आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, रेडिओवर, आणि त्यावर तिने एकच शब्द काढला होता. तो शब्द ताईने फोनवर जसाच्या तसा त्याच्या कानात ओतला होता: 'लबाड.'

आज दगडापाशी उभं राहून तिला पुन्हा ऐकवायचं होतं. मग तिने काय म्हणायचं ते म्हणावं.

दार उघडलं. दारात युडोरा उभी होती, हातात दगडावर शिंपडायची रमची बाटली. तिने मेणबत्तीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"ऑस्बर्ट! हे काय केलंस?"

"जेवलो," तोंडावर रुमाल धरून तो म्हणाला. "मीठ विसरलीस का गं ताई?"

"मेलेल्यांच्या जेवणात मीठ घालतात का रे, मेल्या? मीठ पोटात गेलं तर उडून आफ्रिकेला परत जाता येईल का त्यांना? आईबापांचं ताट आहे ते! आईचं, बाबांचं, आजीचं, तिच्याही आजीचं! दगड बसेपर्यंत माशीसुद्धा बसू द्यायची नसते त्यावर. आणि तू हाडं चोखून ठेवलीस!"

"मला वाटलं, माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी! तू आहेस का मेलेला?"

"आत्ता या घटकेला विचारशील तर सांगता येत नाही," ऑस्बर्ट म्हणाला आणि त्याने रुमाल बाजूला केला.

तेवढ्यात मागून ॲल्बन आला. ॲल्बन म्हणजे शेंडेफळ. होड्या बांधायचा, आणि होड्यांहून मोठ्या गप्पा बांधायचा.

"दादा, ढोलवाले विचारतायत, तू आधी वाजवणार की... अरे देवा! दात कुठायत?"

ऑस्बर्टने मूठ उघडून दाखवली.

"नाही, नाही, नाही," ॲल्बन खोलीत गरगर फिरायला लागला. "मी रेडिओवर सांगितलंय! हिल्सबरोहून लोक आलेत. मंत्र्याचा मेहुणा आलाय, नवीन बूट घालून! दादा, असं कसं करतोस तू?"

"हौस आली म्हणून केलं," ऑस्बर्ट म्हणाला.

"कुणी सांगितलं होतं रेडिओवर बोंबलायला?" युडोराने मोर्चा त्याच्याकडे वळवला. "मी पहिल्यापासून म्हणत होते, ढोल पुरेत. आपली माणसं ढोलाला येतात. पण नाही, तुला लंडनचा भाऊ मिरवायचा होता!"

"आणि तुला लपवायचा होता! भिंतीवर त्याची रेकॉर्ड टांगलीस, तीसुद्धा कॅलेंडरच्या मागे!"

"खिळा एकच होता!"

एवढ्यात काठी आपटत झिटा टँटी आली. आईची धाकटी बहीण, नव्वदीच्या घरातली, कानाने मंद आणि जिभेने तिखट. हा सगळा दगडाचा घाट घातला होता तो तिच्या स्वप्नामुळे. ऑस्बर्टची आई, मा सेरेटा, स्वप्नात येऊन म्हणाली होती म्हणे, माझा दगड कुठाय, पाय गारठलेत माझे. लेस्टेरमध्ये मेलेल्या माणसाने असा निरोप धाडला की वर्षाच्या आत बकरा कापावाच लागतो. सगळा प्रकार टँटीच्या कानात दोनदा ओरडून सांगावा लागला. तिने शांतपणे विचारलं, "माझी वडी कशी होती?"

"घट्ट," ऑस्बर्ट म्हणाला.

"तशीच व्हायला हवी. काल सेरेटाला चव दाखवून म्हटलं, पाक अजून आटायला हवा." टँटी पलंगाच्या कडेवर, दगडाच्या पायथ्याशी टेकली. "आणि तू गं युडोरा, कशाला ओरडतेस? पोरगं उपाशी आलं. आईने आपलं ताट पुढे केलं. कुठली आई करणार नाही?"

"टँटी, तिच्या एकटीचं होतं का ते? सगळ्यांचं होतं!"

"मग सगळ्यांनी पुढे केलं. तू एकटीच काय ती नाही म्हणतेस."

युडोराने बाटलीतली रम दगडावर जरा जास्तच जोरात शिंपडली.

ॲल्बनच्या डोक्यात मात्र चक्रं फिरत होती. "थांबा. होड्या सांधायचा गोंद आहे माझ्याकडे. फळी तुटेल पण सांधा सुटणार नाही. समुद्रात टिकतं ते तोंडात टिकणार नाही?"

"सुकायला किती वेळ?" ऑस्बर्टने आशेने विचारलं.

"उद्या सकाळी एकदम कडक."

"मग उद्या सकाळी तुझं तोंड चिकटव त्याने," युडोरा म्हणाली.

"माझे घे," टँटी म्हणाली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने आपली कवळी काढून पदराला... म्हणजे तिच्या त्या मद्रासी चौकड्याच्या ओढणीला पुसून पुढे केली. "नाहीतरी मी लग्नालाच घालते. आज तुझ्यासाठी म्हणून घातली होती."

मोठ्या माणसाचा मान मोडायचा नाही म्हणून ऑस्बर्टने डोळे मिटून ती लावून पाहिली. ती त्याच्या तोंडात सुटी खुळखुळायला लागली. ॲल्बनला हसू आवरेना, युडोराने त्याला चिमटा काढला, आणि चिमटा काढता काढता तिलाच फस्सकन हसू आलं. मग तिने हसू मोठ्या कष्टाने गिळलं. ऑस्बर्टने कवळी काढून टँटीच्या हातात परत ठेवली.

"ते काही नाही," ॲल्बन घाम पुसत म्हणाला. "मी जाहीर करतो, दादाला ताप आलाय. मंत्र्याच्या मेहुण्याला दोन घोट जॅक आयर्न रम पाजतो. संध्याकाळपर्यंत त्याला ट्रॉम्बोन काय, स्वतःचे बूटही आठवायचे नाहीत."

"हे बरं आहे," ऑस्बर्ट म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली.

"ताप नाही नि बीप नाही," युडोरा म्हणाली. "ऑस्बर्ट वाजवणार."

ॲल्बन घाम पुसायचा थांबला.

"ताई, आत्ता तर म्हणालीस, ढोल पुरेत!"

"आत्ता म्हणाले तेव्हा हा उपाशी होता. आता जेवलाय. आईबापांचं खाल्लंस ना? मग त्यांना काहीतरी द्यायला नको? दगडापुढे फुकटखाऊ म्हणून उभा राहणार आहेस?"

"दात नाहीत, ताई!"

"तोंड आहे ना? जा रे ॲल्बन, लोकांना रांगेला लाव. टँटी, तुमचे दात घाला बघू, बघवत नाही."

ॲल्बन गेला, टँटी त्याचा हात धरून गेली. खोलीत भाऊबहीण उरले आणि मध्ये दगड. युडोरा चादरीच्या सुरकुत्या नीट करायला लागली. चादरीला एकही सुरकुती नव्हती.

"तिने मला लबाड म्हटलं, ताई," ऑस्बर्ट म्हणाला. "मी त्या शब्दापायी इतकी वर्षं आलो नाही. आता दात नसताना उभा राहिलो तर खराच लबाड ठरेन."

"मी काय मनचं सांगितलं होतं का? तू विचारलंस, आई काय म्हणाली. मी सांगितलं."

"पण का म्हणाली? एवढं तरी विचारायचंस."

युडोरा पलंगावर बसली. "कसं विचारणार? बाबा बुडाले त्यानंतरची गोष्ट. ती पायरीवर बसून डुलक्या काढत होती. खिडकीत रेडिओ चालू. तुझं नाव घेतलं तेव्हा मी हाक मारली, मा, ऑस्बर्टचं लागलंय! तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. मी दोन मिनिटं ऐकलं, मग कोंबड्या भातात शिरल्या म्हणून मागे पळाले. परत येते तो ही उठलेली. हातात स्वयंपाकाचा टोप. तरातरा फाटकापर्यंत गेली आणि उभी राहिली, ऊन एवढं रणरणतंय, डोक्यावर काही नाही. मी हाक मारतेय तर लक्ष नाही. मग परत आली, टोप पायरीवर आदळला आणि म्हणाली, लबाड मेला."

"टोप कशाला?"

"मला काय माहीत? मला वाटलं, हिचं डोकं फिरायला लागलं. ते तुला फोनवर सांगायचं होतं का मी? आईला वेड लागलंय म्हणून? त्यापेक्षा रागावली म्हणून सांगितलं." तिने नाक ओढलं. "सहा भावंडांत आपण तिघे उरलो. आईबाबांना सांभाळलं ते मी. तू बाहेर नाव काढत होतास, मी इथे टोप घासत होते. मला काय कमी राग होता तुझा?"

"आता आहे?"

"ताट खाल्लंस तेव्हा होता," युडोरा म्हणाली. "चल, ऊठ."

दगड निघाला. सहा बाप्ये खांद्यावर घेऊन निघाले, ढोल पुढे, बायका मागे. मंत्र्याचा मेहुणा चिखलातून बूट उचलत चालला होता. घरामागच्या टेकाडावर, जिथून खाली समुद्र आणि किनाऱ्यावरची घरं दिसतात, तिथे क्वाशींची थडगी. दगडावर दोन नावं होती. आधी बाबांचं, ज्युबाल, जो किक-एम-जेनी म्हणतात त्या खवळत्या पाण्यात होडीसकट गेला आणि ज्याच्या वाट्याला जमीन आलीच नाही. खाली सेरेटा. दगड बसला, त्यावर पाणी पडलं, रम पडली. ढोल थांबले.

"आणि आता," ॲल्बनने दोन्ही हात पसरले. काही केल्या ही सवय त्याला सुटत नव्हती. "आपल्याच मातीतला, ज्याने सगळं जग..."

"पुरे," युडोरा म्हणाली.

ऑस्बर्टने ट्रॉम्बोन ओठांना लावला. गाण्याची पहिली ओळ उंच जागी सुरू व्हायची. त्याने श्वास भरला, फुंकला, आणि पितळातून नुसती हवा आली. फुस्स. एक पोर हसलं, त्याला कुणीतरी धपाटा घातला. त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स. वरचा ओठ आत तोंडात पळत होता, धरायला जागाच नव्हती. मेहुण्याने घड्याळात पाहिलं. ऑस्बर्टच्या कानामागून घाम निथळायला लागला. युडोरा त्याच्याकडे एकटक बघत होती आणि तिचे ओठ, नकळत, त्याच्यासाठी घट्ट आवळले गेले होते.

त्याने ट्रॉम्बोन खाली घेतला. खाली समुद्रात दुपारचं ऊन हलत होतं. याच पाण्यात, दुधाचे दात पडायच्या वयात, बाबांची होडी मासळी घेऊन किनाऱ्याला लागताना टोकावर बसून तो शंख फुंकायचा. तेव्हाही पुढे दात नव्हते. बाबा म्हणायचे, ओठ सैल सोड रे, शंखाला मारायचं नाही, त्याला हाक मारायची.

त्याने ओठ सैल सोडले. नळी पार हाताच्या टोकापर्यंत बाहेर ढकलली आणि गाणंबिणं सोडून नुसती हाक मारली.

पितळाच्या पोटातून घोगरा, रुंद सूर उठला. लांबच लांब, श्वास संपेपर्यंत. मग दोन तुटक. लंडनला त्या रेकॉर्डच्या शेवटी, दमून भागून, का कोण जाणे, त्याने हेच वाजवलं होतं. लोकांनी त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली, हा सूर कुठून आणलात विचारलं, आणि त्याने प्रत्येकाला निराळी थाप मारली होती, कारण त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. आत्ता त्याने पुन्हा वाजवलं. एक लांब, दोन तुटक. टेकाडावरून सूर खाली घरांवरून गेला, समुद्रावर गेला. गावातली कुत्री उठली.

खुर्चीत पेंगणारी झिटा टँटी खाडकन जागी झाली. "ज्युबालची होडी लागली का? माझा टोप कुठाय?"

लोक हसले. युडोरा हसली नाही. ती मान वळवून टँटीकडे बघत राहिली.

तोवर खालच्या वाटेने कुणीतरी धापा टाकत वर येत होतं. शेजारची मिस आयोना! युडोराच्या बकऱ्याने तिच्या शेंगा खाल्ल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं, म्हणून तर ती आज आली नव्हती. पायात वेगवेगळ्या चपला, ॲप्रन ओला, आणि काखेत ॲल्युमिनियमचा टोप. तिच्यामागे आणखी दोन म्हाताऱ्या, त्यांच्याही हातात भांडी.

"कोण आलंय? जॅक मासे आहेत का?" तिने वाटेवरूनच ओरडून विचारलं. "मला पहिलं वजन द्या, मी सगळ्यांच्या आधी निघालेय!"

मिस आयोना वर पोचली. तिने दगड पाहिला, गर्दी पाहिली, ऑस्बर्टच्या हातातला तो पिवळाधमक नळा पाहिला. टोप तिच्या हातात हळूहळू खाली आला.

"मासळी नाहीये?"

"नाही, मिस आयोना," ऑस्बर्ट म्हणाला. "मीच वाजवलं."

मिस आयोनाने टोप दाणकन जमिनीवर आदळला.

"लबाड मेला!" ती म्हणाली.

युडोराने दोन्ही हात तोंडावर घेतले. ती हसत होती की रडत होती ते ॲल्बनला कळेना, त्याने घाबरून तिचा खांदा धरला. ती खांदा सोडवून भावाकडे आली, आणि तिने त्याच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली.

"फाटकापर्यंत गेली होती रे ती," युडोरा म्हणाली. "टोप घेऊन. बाबांना बघायला."

ऑस्बर्टने बोळक्या तोंडाने मान हलवली, आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळलं ते त्याने ओघळू दिलं.

युडोराने मिस आयोनाचा टोप जमिनीवरून उचलला, स्कर्टने पुसला आणि तिच्या हातात परत दिला. "बकरा शिजलाय. भरून न्या. तुमच्याच शेंगा खाल्लेला आहे."

मग तिने भावाची कॉलर नीट केली.

"अजून एकदा वाजव," ती म्हणाली. "बघू तरी, अजून कोण कोण टोप घेऊन येतंय."